मुळाबरहुकूम

लोणावळ्यात आमचं कार्यालय ज्या बंगल्यात होतं तो एका पारशी बाईंचा होता आणि फाटकावर ‘कुत्र्यांपासून सावध’ अशी पाटी होती. कुत्री बाईंबरोबर मुंबईला गेली होती. पाटी भाड्यात धरलेली होती. १९७१ साली त्या बंगल्यात आम्ही तिघं होतो. बोलीभाषांचे अभ्यासक डॉक्टर केशवराव, त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या रजनीबाई, आणि मी, त्र्यंबक, कार्डं पाडणारा कारकून.

कार्डं पाडणं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढे एक माणूस त्यातच गेला.

मावळातल्या डोंगरवाड्यांची बोली नाहीशी व्हायच्या आत टिपून ठेवायची, असं डॉक्टरांनी सरकारला पटवलं होतं. वाडीवरचा माणूस बंगल्यावर आणायचा, त्याच्याकडून सहाशे शब्द तीन तीन वेळा म्हणवून घ्यायचे, ते टेपवर घ्यायचे. मग मी कानाला हेडफोन लावून टेप ऐकायची आणि यंत्रावर टाइप करायचं, म्हणजे शब्दागणिक एका पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पडत. कार्डांची खोकी मुंबईला एका संस्थेतल्या कॉम्प्युटरकडे जात. हा कॉम्प्युटर एका दिवाणखान्याएवढा आहे आणि त्याला सगळं कळतं, असं डॉक्टर सांगायचे. मी तो कधी पाहिला नाही. देवाबद्दलही माझी माहिती साधारण एवढीच आहे.

अडचण अशी होती की उच्चारशास्त्राच्या पुस्तकांत उलटी अक्षरं असतात, शेपटीवाली असतात, पोटात रेघ मारलेली असतात. यंत्रावर होती सव्वीस इंग्रजी अक्षरं, दहा आकडे आणि मूठभर खुणा. डॉक्टरांनी दोन वर्षं खपून एक तक्ता केला होता. ळ म्हणजे एल आणि त्यापुढे दोनाचा आकडा. ण म्हणजे एन आणि दोन. स्वर नाकातून आला की पुढे चांदणी. महिन्याभरात तो तक्ता माझ्या इतका अंगवळणी पडला की बायको “कळलं का?” म्हणाली की मला तिच्या तोंडापुढे दोनाचा आकडा दिसायचा.

डॉक्टरांचे तीन नियम होते. पहिला, बोलणाऱ्याचं नाव कुठेही लिहायचं नाही, फक्त क्रमांक. भाषा गावाची असते, माणसाची नसते, असं ते म्हणत. दुसरा, मोबदला द्यायचा नाही. मोबदला दिला की माणूस चांगलं बोलायला बघतो आणि बोली बिघडते. म्हणून चहा आणि जाताना गुळाचा खडा. तिसरा नियम टेपचा. टेपा परदेशी होत्या आणि पाचच होत्या. कार्डं ताडून झाली की खोक्यावर ‘मुळाबरहुकूम’ असा रबरी शिक्का मारायचा, खाली मी सही करायची, आणि मग टेप पुसून पुढच्या माणसासाठी मोकळी करायची. मुळाबरहुकूम असल्याची खात्री पटली की मूळ पुसायचं. ही पद्धत मला त्या वेळी फार व्यवस्थित वाटली होती. मी सगळ्या जन्मात व्यवस्थितपणावरच पगार खाल्ला.

आठ फेब्रुवारीला, सोमवारी, क्रमांक सातचं ध्वनिमुद्रण झालं. डॉक्टर दिल्लीला गेले होते. मी कोऱ्या कार्डांची खोकी आणायला पुण्याला गेलो होतो. बंगल्यावर रजनीबाई एकट्याच होत्या. मंगळवारी मी हेडफोन लावला तर पुरुषाचा आवाज होता, तरणा, जरा लाजरा. आणि प्रत्येक स बरोबर बारीक शिट्टी वाजत होती. सात म्हणताना वाजली, साप म्हणताना वाजली. माणसाच्या पुढच्या दातांत भली मोठी फट असणार. तक्त्यात शिट्टीला खूण नव्हती. यंत्रावर डॉलरची एक कळ होती आणि आमच्या कार्यालयात ती बेकार होती. मी रजनीबाईंच्या संमतीने शिट्टीला डॉलर दिला आणि तक्त्यात तशी नोंद केली. एकशे चौदा कार्डांवर शिट्टी आली. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

शुक्रवारी डॉक्टर आले. कार्डांवर वर छापलेली अक्षरं बघून म्हणाले, “त्र्यंबकराव, या अर्थखात्याच्या खुणा कसल्या?”

मी सांगितलं. त्यांनी टेप लावून ऐकली, दोनच मिनिटं.

“फट दाताची आहे,” ते म्हणाले, “भाषेची नाही. उद्या एखाद्याला बोलताना खोकला आला तर त्यालाही खूण देणार का?”

“खोकला प्रत्येक स ला आला तर द्यावी लागेल,” मी म्हणालो.

रजनीबाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. “साफ करून टाका.”

मी एकशे चौदा कार्डं नव्याने पाडली. तक्त्यातली डॉलरची ओळ खोडायला नको म्हणून तक्ताच नवा टाइप केला, जुना फाडला. शिक्का मारला, सही केली, टेप पुसली. तिच्यावर क्रमांक आठच्या एका म्हातारीने सहाशे शब्द म्हटले. रद्द झालेली कार्डं मी घरी नेली. लोणावळ्याच्या दमट हवेत बंब पेटवायला पुठ्ठ्यासारखी वस्तू नाही. तीन दिवस आंघोळीला कढत पाणी होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रजनीबाई लग्न करून इंग्लंडला गेल्या. तिसऱ्या आठवड्यात फाटकाशी एक बाई येऊन बसली. पाटीवर कुत्र्याचं चित्रही होतं, त्यामुळे ती आत यायला धजत नव्हती. मी बाहेर गेलो.

“भाऊ, बोलनं धरून ठिवत्यात ते घर ह्येच का?”

“हेच. कोण तुम्ही?”

“मी हिरी. टाकव्याच्या वरच्या वाडीवरची. माजा मानूस हितं येऊन गेला. बारकू. त्येचं बोलनं न्ह्यायचंय.”

“न्यायचंय? कुठे?”

“कोर्टात.”

मग तिने सांगितलं. आठ फेब्रुवारीला दुपारी एकच्या सुमाराला टाकव्याच्या रानात कोळशाच्या ठेकेदाराचा राखणदार, भिमाजी, कुऱ्हाडीने मारला गेला. आदल्या दिवशी लाकडाच्या मोळीवरून बारकूचं त्याच्याशी भांडण झालं होतं आणि ते चार लोकांनी ऐकलं होतं. एकाने पळणारा माणूस पाठमोरा पाहिला आणि तो बारकूच होता असं सांगितलं. पोलिसांनी बारकूला उचललं.

“तुमचा नवरा त्या दिवशी इथे होता?”

“व्हय की. सकाळच्या गाडीनं कान्ह्यावरनं आला, दिवस बुडता घरी. गुळाचा खडा बी आनला पोरीला. हितल्या बाईनं दिसभर येकेक शबुद तीनदा बोलून घेतला म्हनत हुता. हसत हुता लय.”

“गाडीचं तिकीट असेल ना?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो प्रश्न मी विचारला नाही.

मी तिला आत नेलं आणि क्रमांक सातचं खोकं काढलं. प्रत्येक कार्डावर तारीख होती, आठ फेब्रुवारी. तिने एक कार्ड हातात घेतलं, खिडकीकडे धरलं. भोकांतून उजेड तिच्या गालावर पडला.

“ह्ये त्येचं बोलनं?”

“होय.”

“उंदरानं खाल्ल्यावानी दिसतंय,” ती म्हणाली, आणि कार्ड दोन्ही हातांनी मला परत दिलं.

सरकारने बारकूला एक तरुण वकील दिला होता. त्याच्याबरोबर मी तालुक्याच्या कोठडीत गेलो. बारकू पंचविशीचा, काडीसारखा, गजांमागे उकिडवा बसला होता. वकिलाने कामाचे प्रश्न विचारले. माझा प्रश्न एकच होता.

“बारकू, सात म्हण.”

तो उठून उभा राहिला आणि बंगल्यावर शिकवल्याप्रमाणे तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा शिट्टी वाजली. वरच्या पुढच्या दातांतला एक अर्धा मोडलेला होता आणि शेजारचा नव्हताच.

“हे दात कशाने गेले?”

“खानीत. धोंडा उडालता, सायेब. बरं वाजतंय ना? त्या बाई लय हसायच्या.”

मी वकिलाला बाजूला घेतलं आणि म्हणालो की टेपवरचा माणूस हाच, शंभर टक्के. वकील आनंदला. मग मी त्याला डॉलरची हकीकत सांगितली. त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

रजनीबाईंना पत्र टाकलं. दीड महिन्याने उत्तर आलं. त्यांना बारकूबद्दल फार वाईट वाटलं होतं. दातांत फट असलेला एक गोड माणूस त्यांना पक्का आठवत होता. पण त्या पंधरवड्यात वाड्यांवरचे नऊ लोक आले होते, त्यातला कोण कुठल्या तारखेला आला आणि डॉलर नेमका कुठल्या क्रमांकाला दिला, हे त्यांना शपथेवर सांगता येत नव्हतं. त्यांनी शेवटी लिहिलं होतं, ‘कार्डं पाहा, त्यांत सगळं आहे.’

राहिले डॉक्टर. मी त्यांना म्हणालो, “साहेब, शिट्टी होती आणि ती आपण काढायला लावली, एवढंच कोर्टात सांगा. माणूस सुटेल.”

ते खिडकीतून ड्यूक्स नोजकडे बघत होते. ढग नसले की तो सुळका आमच्या खिडकीतून दिसायचा.

“त्र्यंबकराव, आपली चाळीस खोकी मुंबईला गेली आहेत. मी एका खोक्यात हात घातला म्हणून सांगितलं, तर बाकीच्या एकोणचाळिसांत काय केलं असं विचारतील.”

“काय केलंय?”

“तेच,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मी खोटं बोलणार नाही. मला विचारलं तर कार्डं बरोबर आहेत असं सांगेन. ती बरोबरच आहेत. बोलीत शिट्टी नाही.”

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हिरी आली की ते स्वतः उठून तिला खुर्ची देत. ती जमिनीवरच बसायची, मग खुर्ची मधे तशीच राहायची.

ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. वाडीवरच्या चार जणांनी बारकू त्या दिवशी लोणावळ्याला गेला होता असं सांगितलं. चौघंही त्याच्या नात्यातले निघाले. वाडीत नात्यातला नसलेला माणूस आणायचा कुठून, असं आमचा वकील म्हणाला, पण हळू म्हणाला. मग डॉक्टर उभे राहिले. ते त्या दिवशी दिल्लीत होते. कार्डं बरोबर आहेत आणि बोलीत शिट्टी नाही, असं त्यांनी सांगितलं. क्रमांक सात कोण, हे त्यांना शास्त्रीय कारणांमुळे माहीत नव्हतं. ते खाली उतरून दुसऱ्या बाकावर बसले आणि माझं नाव पुकारलं गेलं.

आमच्या वकिलाने मला सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं. टेपवर क्रमांक सातच्या स ला शिट्टी होती, आरोपीच्या स ला तीच शिट्टी आहे, माणूस तोच. मग त्याने न्यायाधीशांच्या परवानगीने बारकूला सात म्हणायला सांगितलं. बारकू तीनदा म्हणाला. कोर्टात हशा पिकला. बारकूही हसला. लोकांना आवडलं असं त्याला वाटलं.

सरकारी वकील वयस्कर आणि सौम्य होते. त्यांनी कॉम्प्युटरवर छापलेला लांबलचक कागद माझ्यापुढे धरला.

“हे तुम्हाला वाचता येतं?”

“येतं.”

“वाचा.”

“सात, सात, सात. साप, साप, साप. सासू, सासू...”

“हा पुरावा आहे की उजळणी?” न्यायाधीशांनी विचारलं.

“पुरावा आहे, साहेब,” सरकारी वकील म्हणाले. “आमचा. त्र्यंबकराव, यात शिट्टी कुठे आहे ती दाखवा.”

“यात नाही.”

“तुमच्या तक्त्यात शिट्टीला खूण आहे?”

“होती. आता नाही.”

“होती तो तक्ता कुठाय?”

“फाडला.”

“शिट्टीची कार्डं?”

“बंबात घातली.”

पुन्हा हशा. या खेपेला बारकू हसला नाही, कारण मी हसत नव्हतो आणि तो माझ्याकडे बघत होता.

“टेप तरी असेल?”

“पुसली.”

“कोणी?”

“मीच.”

“सगळं तुम्हीच. बरं. या खोक्यावर शिक्का आहे, ‘मुळाबरहुकूम’. खाली सही कोणाची?”

“माझी.”

“कोणी जबरदस्तीने करून घेतली?”

“नाही.”

“मुळाबरहुकूम म्हणजे काय, कोर्टाला सांगा.”

“मुळात जसं आहे, तसंच.”

“तर मग ही कार्डं मुळाबरहुकूम आहेत की नाहीत? हो किंवा नाही.”

मी त्या सहीकडे पाहिलं. चांगली सही होती. माझी सगळी नोकरी त्या सहीवर झाली होती, आणि त्या दिवसापर्यंत तिच्याखालचा एकही कागद मी नाकारला नव्हता. कारकून वरिष्ठाशी भांडतो, बायकोशी भांडतो, पण सहीशी भांडायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. दुसऱ्या बाकावर डॉक्टर पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. भीती म्हणाल तर मला त्यांची नव्हती. नोकरीची थोडी होती. पण त्या घटकेला मला ना नोकरी आठवली ना बारकू. कोणीतरी माझी सही दाखवून विचारत होतं, आणि त्याचं माझ्याकडे एकच उत्तर तयार असायचं.

“हो,” मी म्हणालो.

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

“पण साहेब...”

“तुमचं उत्तर आलंय,” न्यायाधीश म्हणाले. माझं ‘पण’ त्यांनी लिहून घेतलं नाही.

सरकारी वकिलांनी कागदाची घडी केली. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. क्रमांक सातला शिट्टी नाही, आरोपीला आहे, तेव्हा क्रमांक सात हा आरोपी नव्हे, आणि हे बचावाच्याच साक्षीदाराने सहीनिशी सांगितलं आहे, असं ते म्हणाले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले. कोर्टात आजवर इतका शास्त्रीय पुरावा आला नव्हता, असं निकालपत्रातही पुढे लिहिलं गेलं. जन्मठेप झाली.

बाहेर पिंपळाखाली हिरी बसली होती. तिच्या मांडीवर पोर झोपली होती.

“भाऊ, काय म्हनला जज?”

“म्हणाले, की तो बारकू नव्हता.”

“कुटं नव्हता?”

“आमच्या बंगल्यावर.”

मला पळून जायचं होतं, पण माझ्या हातात तिची पिशवी होती.

“मंग बोललं कोन?” तिने विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली.

अपील फेटाळल्याचं एका महिन्यात कळलं. त्या कागदावर माझ्या सहीचा तीनदा उल्लेख होता. डॉक्टरांचा ग्रंथ १९७३ साली आला आणि परदेशात वाखाणला गेला. त्यात प्रस्तावनेत माझे आभार मानले आहेत, ‘काटेकोर’ असा शब्द वापरून. हिरी पोरीला घेऊन नवलाख उंब्र्याला बहिणीकडे गेली आणि कोणाच्या तरी शेतावर खुरपायला लागली. एवढं मला कळलं, कारण मी चौकशी केली. चौकशीपलीकडे काही केलं नाही.

१९७४च्या डिसेंबरात मी तुरुंगात बारकूला भेटायला गेलो. तीन वर्षं मी जायचं ठरवत होतो आणि व्यवस्थित पुढे ढकलत होतो. जाळीपलीकडे तो आला तेव्हा मी ओळखलं नाही. त्यानेच हात जोडले. केस पांढरे झाले होते. मी तंबाखू नेली होती, ती शिपायाने तपासून त्याला दिली.

“बरा आहेस ना?”

“बरा हाय की. दोन येळंला भाकरी हाय. हिरी येती सहा म्हयन्यानं. सायेब, तुमचं काम झालं का सगळं?”

“कसलं?”

“बोलनं धरायचं.”

“झालं.”

“बरं झालं. लय मेहनत हुती तुमची.”

तो तंबाखूची पुडी नुसतीच हातात फिरवत होता.

“सायेब, येक इचारू?”

“विचार.”

“त्या सोमवारी मी तुमच्या बंगल्यात हुतो ना?”

“होतास.”

“न्हाई, कोर्टात येवढी शिकल्याली मान्सं म्हनली, न्हवता. मला आदी हसू यायचं. आता कदी कदी वाटतं, आसंल बी. मला सपनात ते रान दिसतं. आदी भिमाजी नुसता पडल्याला दिसायचा. आता माज्या हातात कुऱ्हाड बी दिसती. दांडा कसला हाय त्ये बी सांगीन मी तुमास्नी.”

“बारकू, ऐक. तू बंगल्यावरच होतास. दिवसभर. मी शपथेवर सांगतो.”

तो जाळीला बोटं लावून माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, आठवायचा प्रयत्न होता.

“शपतंवर तर तुमी तवा बी सांगितलंतं, सायेब,” तो म्हणाला.